घरच्या अंगणात स्कूटर रंगवली: पाच रविवार, ३९१० रुपये (हर्णै)

माजघर | २ फेब्रुवारी, रात्री १०:१५

नमस्कार. गेल्या पाच रविवारांत आम्ही मायलेकांनी घरच्या अंगणात स्कूटर रंगवली. सुरुवात करण्याआधी मी खूप शोधलं, पण जे मिळालं ते सगळं कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी लिहिलेलं. आपल्याकडे समुद्र दारात. म्हणून केलं ते सगळं लिहिते, अडलं तेही.

गाडी १९९९ ची बजाज चेतक, निळी. आमची घरगुती खानावळ आहे आणि बंदरावरच्या लिलावातून मासळी आणायला हीच गाडी. टोपली पायाशी ठेवायची. वाटेत बर्फ वितळतो आणि ते खारं पाणी रबरी मॅटखाली जाऊन बसतं. इतकी वर्षं वरून गाडी पुसत आले, मॅट कधी उचलली नाही. दिवाळीनंतर उचलली तर खाली पत्र्याला पापुद्रे सुटलेले. एक ओढला तर नानकटाईसारखा तुकडा हातात आला. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, दोन ठिकाणी आरपार गेला.

गॅरेजमध्ये विचारलं. पत्रा जोडून पूर्ण डेंटिंग-पेंटिंगचे नऊ हजार सांगितले. त्यांचा दर चुकीचा नव्हता, कामच तेवढं होतं. पण नोव्हेंबरात डीप फ्रीझर घेतलाय, त्याचे हप्ते चालू आहेत. हाताशी चार हजार होते, त्यावर काही नाही.

पहिला रविवार सगळं खोलण्यात गेला. सीट, डिक्कीचं झाकण, इंजिनाकडचं साइड पॅनेल, दिवे, मॅट आणि मॅटच्या कडेच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. मुलाने प्रत्येक जागेचा मोबाइलवर फोटो काढला आणि स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठ्या लावल्या. डाव्या पट्टीचा तिसरा स्क्रू मात्र काही केल्या निघाला नाही. त्याची खाच झिजून सपाट झाली होती. पट्टीचं ते टोक तसंच ठेवून भोवती टेप लावली. मधल्या आठवड्यात फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन ठिगळं जोडून आणली, ४०० रुपये.

दुसरा रविवार सगळ्यांत महत्त्वाचा. पहाटे सहाला सुरुवात केली. आधी रॉकेलने ग्रीस काढलं, मग भांड्यांच्या साबणाने धुतलं, मग गोड्या पाण्याने तीनदा. इथे एक अडचण. आमची विहीर किनाऱ्यालगत आहे, जानेवारीपासूनच पाणी मचूळ लागतं, त्यात डाळ शिजत नाही. त्याच पाण्याने धुतलं असतं तर मीठ काढून मीठच लावल्यासारखं झालं असतं. मुलाने वरच्या वाडीतल्या झऱ्यावरून सहा कॅन पाणी आणलं. ज्यांची विहीर गोडी आहे त्यांना हे कष्ट नाहीत.

धुऊन वाळल्यावर तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर. गंज जितका हाताने निघेल तितका काढला. बारीक खड्ड्यांत उरला त्यावर रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज बदलून टाकणारं रसायन) लावलं, ते काळं पडलं. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे धुऊन, उन्हात कोरडं करून त्याच दिवशी दुपारच्या आत ब्रशने एपॉक्सी प्रायमर (पत्र्याला धरून बसणारा रंगाखालचा पहिला थर) लावला. त्याच दिवशी, हे मी मुद्दाम लिहितेय. एक छोटी पट्टी विसरून उघडी राहिली होती. सोमवारी सकाळी दव पुसलं तर त्यावर हळदीसारखा पिवळा गंज चढलेला. एका रात्रीत.

तिसऱ्या रविवारी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली आणि घासली, चौथ्याला सर्फेसर (रंगाआधी पृष्ठभाग सारखा करणारा थर), पाचव्याला रंग आणि वरून पारदर्शक लॅकर. दर वेळी आठवडा मध्ये गेल्यामुळे आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचो. फडकं जिभेला लावून पाहा, आपल्या हवेत चार दिवस ठेवलेला पत्रा खारट लागतो.

रंगासाठी कॉम्प्रेसर नव्हता, स्प्रे कॅन वापरले. वेळ सकाळी दहा ते एक. दहापर्यंत दव पुरतं उडत नाही आणि एकनंतर खारे वारे सुरू होतात. शाळेत भूगोलात खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. अंगण आदल्या संध्याकाळी सारवलं, सकाळी पाणी शिंपडलं, म्हणजे लाल माती उडत नाही. आंब्याखाली सावली छान होती, पण मोहोर आलाय आणि तुडतुड्यांचा चिकटा टपकतो. पहिल्यांदा पॅनेल तिथे टांगलं तेव्हा अर्ध्या तासात त्यावर चिकट ठिपके पडले. पुसून, परत घासून, माडांच्या बाजूला हलवलं. पण थेट माडाखालीही नको, वरून काय पडेल सांगता येत नाही.

खर्च असा: ठिगळं ४००, एपॉक्सी प्रायमर ६५०, लांबी १८०, वेगवेगळ्या नंबरचे बारा पेपर २४०, ब्रश आणि मास्किंग टेप १९०, रस्ट कन्व्हर्टर २२०, थिनर १७०, सर्फेसर आणि निळ्या रंगाचे मिळून पाच कॅन १३००, लॅकरचे दोन कॅन ५६०. एकूण ३९१०.

गाडी आरशासारखी झालेली नाही. उजव्या पॅनेलवर एक ओघळ आहे आणि पुढच्या मडगार्डवर जवळून पाहिलं तर कण दिसतात. पण पायाखालचा पत्रा आता टणक वाजतो. काही चुकत असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं, पावसाळ्याआधी अजून वेळ आहे.

---

दर्यावर्दी | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

ताईनू, बरां काम केलात. खारां पाणी पत्र्यात रवलां तर वरसून कितीय रंग मारा, तां आतून पत्रो खातलांच. तुम्ही आधी धुतलात, हीच खरी गोष्ट.

मी मालवणात होड्यांची इंजिनं करतो. आमच्याकडेही जुनं लोखंड आधी गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय हात लावत नाहीत. एक सूचना. बंदरावर होडीचा उरलेला रंग स्वस्तात मिळतो म्हणून कोणी गाडीला लावू नका. होडीच्या तळाला लावतात त्या रंगात तांब्याची संयुगं असतात, शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून. तो विषारी असतो आणि घासताना त्याची भुकटी नाकात जाते. एपॉक्सी प्रायमरचा उरलेला डबा मिळाला तर चालेल, पण हार्डनरसकट (त्यात मिसळून तो कडक करणारा दुसरा डबा) आणि मुदतीतला असेल तरच. एपॉक्सी उन्हात तसाच उघडा ठेवला की खडूसारखा भुकट होतो, वर रंग हवाच.

---

चिपळूणचा डेंटर | ३ फेब्रुवारी, दुपारी २:२०

ताई, मी ३४ वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलं, आता मुलगा दुकान बघतो. तुमचं काम वाचून बरं वाटलं. पाया नीट केलात.

तीन गोष्टी सांगतो. पहिली, लांबी पाण्याने घासलीत का कोरडी? आमच्या धंद्यात पाणी मारून घासायची सवय आहे, धूळ उडत नाही आणि हात पटापट चालतो. पण लांबी पाणी पिते. कोकणात ती पुन्हा सहजी वाळत नाही, वर रंग बसला की आतलं पाणी फोड काढतं. उघडी लांबी कोरडीच घासावी आणि त्याच दिवशी झाकावी. वॉटर पेपर वापरायचा तो सर्फेसर लागल्यानंतर.

दुसरी, नवीन लोकांसाठी. जुना रंग कोणता आहे ते बघितल्याशिवाय वर काही मारू नका. डिक्कीच्या आत, दिसणार नाही अशा जागी, एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. रंग बोळ्याला उतरला तर तो एन.सी., ज्याला आम्ही डुको म्हणतो. सुरकुत्या आल्या तर ऑइलपेंट. काहीच झालं नाही तर भट्टीचा (भाजून पक्का केलेला) किंवा हार्डनरचा रंग, त्याच्यावर नीट घासून काहीही चालतं. ऑइलपेंटवर डुको कधीही मारू नका. थिनर खालचा रंग उचलतो, डोळ्यांदेखत सगळं आकसतं, मग पत्र्यापर्यंत खरवडण्याशिवाय इलाज नाही. उलट चालतं, डुकोवर ऑइलपेंट बसतो.

तिसरी. तो स्क्रू काढा. गंजलेल्या स्क्रूखाली पाणी असतंच. भेदक तेल मारून रात्रभर ठेवा. नाहीच निघाला तर डोकं ड्रिलने उडवा. गाडी खोललेली असतानाच हे करायला हवं होतं, पण अजूनही वेळ गेलेली नाही.

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवत असेल. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर आमच्याकडे इतक्या गाड्या आल्या की रस्त्यावर उभ्या केल्या. ज्यांनी घाईने वरचा चिखल धुऊन रंग मारून घेतला त्यांच्या गाड्या पुढच्याच पावसात आतून फुगल्या. ज्यांनी दारं, सिल (दाराखालचा उंबरा) सगळं उघडून आतला गाळ काढला त्यांच्या गाड्या आजही फिरताहेत. गंज वरून येत नाही हो, आतून येतो.

---

कातळफूल | ३ फेब्रुवारी, रात्री ९:०५

वाचनखूण साठवली. ताई, फोटो टाका ना.

काका, एक विचारायचं होतं. माझी ओम्नी आहे, पांढरी, राजापूर तालुक्यात असतो. सरकत्या दाराचा तळ आणि छताच्या कडेची पन्हळ गंजली आहे. आंब्याच्या पेट्या वाहायला वापरतो, त्यामुळे चकाचक नको, फक्त टिकायला हवी. स्प्रे कॅनने एवढी मोठी गाडी परवडणार नाही आणि कॉम्प्रेसर भाड्याने आणला तरी आमच्याकडे दुपारी व्होल्टेज इतकं पडतं की मोटर गुरगुरत बसते. ऑइलपेंट रोलरने मारला तर?

---

चिपळूणचा डेंटर | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

@कातळफूल, चालेल. धंद्यात आम्ही याला हसायचो, पण नीट केलं तर कामाच्या गाडीला उत्तम. बारीक फोमचा रोलर घ्या, लोकरीचा नको. रंग टर्पेंटाइनने ताकाइतका पातळ करा. पहिला हात इतका विरळ दिसेल की वाटेल फसलं. थांबा. २४ तासांनी दुसरा. असे पाच-सहा हात, दर दोन हातांनंतर ८०० नंबरच्या वॉटर पेपरने हलकं घासायचं. जाड हात एकदाच मारलात तर वरची साय वाळते, आतला रंग महिनाभर ओला राहतो आणि नखाने निघतो. टर्पेंटाइनच्या जागी एन.सी. थिनर घालू नका.

पन्हळीत पुट्टी भरून ती सपाट करू नका, पाणी वाहायची जागा आहे ती. आणि सरकत्या दाराच्या तळाला बारीक भोकं असतात. मातीने, पानांच्या कचऱ्याने ती बुजतात, दार टाकीसारखं भरतं आणि तळ सडतो. आधी तारेने ती भोकं मोकळी करा. रंग मारल्यावर पुन्हा एकदा मोकळी करा, कारण रंगानेही बुजतात.

---

माजघर | ४ फेब्रुवारी, रात्री १०:४०

काका, मनापासून आभार. लांबी कोरडीच घासली, पण ते कळत होतं म्हणून असं नाही, झऱ्याचं पाणी संपलं होतं म्हणून. स्क्रूला तेल मारून ठेवलंय.

फोटो उद्या टाकते. आणखी एक राहिलं. खानावळीचं स्वयंपाकघर अंगणाला लागून आहे. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते, दिसत नाही. त्यामुळे रंगाच्या दिवशी गॅस, चूल, उंबऱ्यावरचा दिवा सगळं बंद. त्या रविवारी जेवण सकाळी आठच्या आत करून ठेवलं. आणि घरात सगळ्यांना खोबरेल लावून हात न धुता पॅनेलला हात लावायला बंदी. डोक्याला तेल लावलेल्या हाताचा एक ठसा राहिला होता, तिथे रंग पसरलाच नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडले.

---

मुक्काम_पुणे | ५ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

छान धागा. पण ताई, लॅकरच्या कॅनपेक्षा हार्डनरवाला टू-के क्लिअर (दोन भाग मिसळून लावायचा पारदर्शक थर) घ्यायला हवा होता. पेट्रोल सांडलं तरी काही होत नाही आणि चमक वर्षानुवर्षं टिकते. कॅनमध्येही मिळतो, तळाचं बटण दाबलं की आत हार्डनर मिसळतो. एन-९५ मास्क लावला की झालं. मी पार्किंगमध्ये दोन गाड्या केल्यात.

अवांतर: मला माझी जुनी बुलेट मिलिटरी हिरवी करायची आहे. आरसीवर काळी आहे. चालतं ना?

---

प्रयोगशाळा | ५ फेब्रुवारी, रात्री ८:१५

@मुक्काम_पुणे, मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे स्पष्ट लिहितो. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. एन-९५ मास्क धूळ आणि तुषार काही प्रमाणात अडवतो, वाफ अजिबात अडवत नाही. आयसोसायनेटमुळे दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. व्यावसायिक बूथमध्ये बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा वापरतात तो याचसाठी. बंद पार्किंगमध्ये तर मुळीच नको, वरच्या मजल्यांवर लहान मुलं राहतात. ताईंनी साधं लॅकर वापरलं ते घरासाठी योग्य केलं. त्यालाही सेंद्रिय वाफेचं काडतूस असलेला मास्क हवा आणि मोकळी हवा हवी.

पेट्रोलबद्दल तुमचं बरोबर आहे, साधं लॅकर पेट्रोलने मऊ पडतं. चेतकमध्ये टाकीचं झाकण सीटखाली असतं, तेवढी जागा जपावी.

मिठाबद्दलही थोडं. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पत्रा कोरडा दिसला तरी त्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि क्लोराइडमुळे गंजण्याची क्रिया वेगाने चालते. रंगाखाली मिठाचा कण राहिला तर रंगाच्या थरातून पाण्याचा अंश आत ओढला जातो, परासरण म्हणतो ते हेच. तिथे फोड येतो. रंग कितीही भारी असो, तो पाणी पूर्ण अडवत नाही. म्हणून धुणं महत्त्वाचं.

आणि ताईंचा कन्व्हर्टर काळा पडला त्याची गंमत मुलांना नेहमी सांगतो. अशा काही बाटल्यांत टॅनिन असतं. हिरड्यातही टॅनिन असतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करायचे, ती लोखंड आणि टॅनिनचीच. काही बाटल्यांत फॉस्फोरिक आम्ल असतं, तेही गंजाचं काळपट फॉस्फेट करतं. आम्ल असेल तर धुऊन काढल्याशिवाय एपॉक्सी लावू नये, नाहीतर तो नीट पकडत नाही.

---

एमएच०८ | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

@मुक्काम_पुणे, ऑलिव्ह हिरवा विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. बाकी कोणत्याही रंगासाठीही, आरसीवर नोंदलेला रंग बदलायचा तर आरटीओकडे अर्ज करून नोंद करून घ्यावी लागते. गाडीचा तपशील आणि आरसी जुळत नसेल तर नाक्यावर अडतं, विमा मागतानाही अडतं आणि पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला तर अडतंच. त्यामुळे कमी पैशात करायचं असेल तर आहे तोच रंग ठेवणं सगळ्यांत सोपं. ताईंनी निळ्यावर निळा मारला, एक फेरी वाचली.

रंगवताना चासी नंबरवर रंग किंवा लांबी बसू देऊ नका. नंबर घासून काढायचा तर मुळीच नाही. ग्रीस लावून वर टेप मारा, काम झालं की पुसून घ्या.

---

मुक्काम_पुणे | ६ फेब्रुवारी, दुपारी १:००

प्रयोगशाळा सर, हे मला माहीत नव्हतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुन्हा करणार नाही. दुसऱ्या गाडीच्या वेळी दोन दिवस छाती भरून आली होती, धूळ समजलो होतो. बुलेट काळीच ठेवतो.

---

प्रयोगशाळा | ६ फेब्रुवारी, रात्री ९:२०

कृपया डॉक्टरांना दाखवा आणि हार्डनरच्या रंगाशी काम केलं होतं हे आवर्जून सांगा.

---

चिपळूणचा डेंटर | ७ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

मास्तरांचं अगदी बरोबर. आमच्या पिढीने तोंडाला रुमाल बांधून हे रंग मारले. माझ्याबरोबर शिकलेले दोघे आज इन्हेलरवर आहेत. मी मुलाला दुकानात पहिली गोष्ट घेऊन दिली ती मास्क.

ज्यांना टू-केच हवा आहे त्यांच्यासाठी स्वस्त मार्ग सांगतो. नव्वद टक्के मेहनत घासण्यात असते आणि दुकानाचं बिल चढतं ते त्याचंच. खोलणं, धुणं, गंज काढणं, प्रायमर, लांबी, सर्फेसर, घासकाम सगळं घरी करा. मग सुटे पॅनेल घेऊन ओळखीच्या पेंटरकडे जा आणि फक्त शेवटचे हात मारून द्या म्हणा. बरेच पेंटर तयार होतात, रिकाम्या दिवशी तर नक्कीच. पण आधी त्याला विचारा की कोणता प्रायमर वापरू. त्याच्या रंगाला न जुळणारा प्रायमर लावून नेलात तर तो हात लावणार नाही आणि त्याचं बरोबर असेल.

कॉम्प्रेसर भाड्याने आणणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी काढा. आपल्या हवेत कपभर निघतं. तेच पाणी गनमधून रंगावर उडतं.

---

कातळफूल | १९ मार्च, रात्री ९:५०

ओम्नी झाली. काकांनी सांगितल्याप्रमाणे सहा हात. दाराच्या तळाची भोकं मोकळी केली तेव्हा आतून लाल पाणी आलं, जवळजवळ अर्धी बादली. पाऊस जाऊन पाच महिने झालेत, गाडी धुतो त्याचं पाणी असणार. दाराचा तळ हाताएवढा नवीन पत्रा लावून जोडून घेतला. सगळं मिळून २८०० च्या आसपास गेलं. जवळून पाहिलं तर संत्र्याच्या सालीसारखं दिसतं, चार पावलांवरून नवी वाटते. पेट्या भरायला सुरुवात होण्याआधी झालं हे महत्त्वाचं.

उरलेल्या थिनरचं आणि टर्पेंटाइनचं काय करायचं?

---

दर्यावर्दी | २० मार्च, सकाळी ७:१५

परड्यात ओतू नका. जांभा पाणी झिरपू देतो, आज ओतलेलं उद्या विहिरीत. बाटलीत झाकण लावून ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं नितळ पुढच्या वेळी ब्रश धुवायला चालतं. खालचा गाळ रद्दी कागदावर उघड्या जागी वाळवून टाका, आगीपासून लांब. चासीखाली मारतात त्या काळ्या तेलाचंही तेच. पावसाआधी बरेच जण इंजिनाचं जळकं तेल खालून मारतात. गंज थांबतो थोडा, पण ते थेंबथेंब गळत राहतं आणि रबरी भाग फुगतात. ग्रीस लावा, नाहीतर अंडरबॉडी कोटिंग करून घ्या.

---

माजघर | १४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

पाऊस संपला, म्हणून लिहायला आले. गाडी चार महिने रोज बंदरावर गेली. आता टोपलीखाली प्लास्टिकचा ट्रे असतो आणि घरी आल्यावर मॅट उचलून दोन तांबे गोडं पाणी ओतते. पागोळ्यांचं पाणी पिंपात होतं तोवर त्याचीही ददात नव्हती.

ठिगळं घट्ट आहेत. मडगार्ड, पॅनेल, हँडल, कुठेही गंज नाही. टाकीच्या झाकणाशी लॅकर थोडं पांढरं पडलंय, पेट्रोलच्या थेंबांनी. त्याची कल्पना होती.

फोड एकाच ठिकाणी आला, डाव्या पट्टीच्या टोकाला, रुपयाएवढा. काका, तुम्ही फेब्रुवारीत सांगितलं होतंत. तेल मारलं, दोनदा प्रयत्न केला, मग सीझन सुरू झाला, पर्यटक आले आणि ते राहून गेलं. काल मुलाने ड्रिल आणून स्क्रूचं डोकं उडवलं. पट्टी उचलली तर खाली जुना ओला चिखल, मुठीत मावेल एवढा. नाकाशी धरला तर अजूनही बांगड्याचा वास येत होता.

सगळं खरवडून झऱ्याच्या पाण्याने धुतलं, प्रायमर लावलाय. पत्रा वाचलाय, भोक नाही. निळ्या कॅनमध्ये थोडा रंग उरला आहे, रविवारी दहा वाजता मारते. नवीन स्क्रू स्टेनलेसचा घ्यावा का साधाच, कोणी सांगेल का? स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमची पट्टी एकत्र आली की पट्टी खाते असं मुलगा म्हणतोय.

---

प्रयोगशाळा | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

मुलगा बरोबर म्हणतोय, खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की त्यातला एक झिजतो, इथे ॲल्युमिनियम. स्टेनलेसच घ्या, पण खाली नायलॉनचा वॉशर घाला आणि आट्यांना ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी हाताने निघेल.